टॉवेलवरचा कर आणि ग्रीन्सबरोतला रस्ता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सोलापूरहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे आणि माल बहुतेक अमेरिकेला जातो. २७ ऑगस्टपासून भारतीय मालावरचे अमेरिकेचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले आणि त्याची बांधून तयार असलेली खेप गोदामातच अडकली. त्याने मला दोन प्रश्न विचारले होते : "मॅडम, तुम्ही शिकवलं होतं, अमेरिकेत कर बसवायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. मग हा एका माणसाच्या सहीनं कसा बसला? आणि काँग्रेस गप्प का बसली?"

मी सोलापूरच्या एका महाविद्यालयात ३१ वर्षे राज्यशास्त्र शिकवले. अमेरिकन राज्यघटनेचे पहिले कलम, त्याचा आठवा विभाग, हे दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढायचे. तिजोरीच्या किल्ल्या राष्ट्राध्यक्षाच्या कमरेला नसतात, हे मुलांच्या लक्षात राहावे म्हणून. त्या दिवशी त्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. सप्टेंबरपासून मी लेकीकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी आहे. आता डिसेंबर सरत आला. या चार महिन्यांत जे पाहिले, वाचले, लोकांशी बोलले, त्यातून उत्तर जुळत गेले. ते आपल्या वाचकांसमोर ठेवते. पत्र लांबेल, क्षमा असावी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. काँग्रेसने १९७७ मध्ये आणीबाणीतील आर्थिक अधिकारांचा कायदा केला. त्याचा आधार घेऊन ट्रम्प यांनी आणीबाणी जाहीर केली आणि शुल्क लावले. तो आधार टिकतो का, हा खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चालला. पण अशी आणीबाणी संपवण्याचा ठराव आणायची वाट काँग्रेसने १९७६ च्या कायद्यात स्वतःसाठी राखून ठेवली होती. ठराव आला की समितीला १५ दिवसांत तो पुढे पाठवावा लागतो, दडपून ठेवता येत नाही. म्हणून काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधीगृहाने काय केले? आधी मार्च २०२५ मध्ये कॅनडा, मेक्सिको आणि चीनवरच्या शुल्कापुरता आणि मग एप्रिलमध्ये सगळ्या जगावरच्या शुल्कासाठी असा नियम मंजूर केला की, या कामासाठी पुढच्या काही महिन्यांचे दिवस हे दिवस म्हणून मोजायचेच नाहीत. तोवर पंधरा दिवस भरणारच नाहीत, म्हणजे मतदान करावे लागणार नाही. ऑक्टोबरअखेर दुसऱ्या सभागृहाने, सिनेटने, शुल्काविरुद्ध ठराव मंजूर केले, ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या चार-पाच सिनेटरांनी त्यांना साथही दिली. प्रतिनिधीगृहात ते २०२५ मध्ये मताला आलेच नाहीत.

आपला अधिकार कोणी हिसकावून घेतला, असे इथे झालेले नाही. तो वापरायची वेळ येऊ नये म्हणून सभागृहाने स्वतःच दिनदर्शिका थांबवली. का? हा माझ्या विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न, आणि याच ठिकाणी माझे शिकवणे अपुरे पडले.

अमेरिकेच्या घटनाकारांपैकी एक जेम्स मॅडिसन. त्यांचे विचार वर्गात शिकवताना मी सांगायची की, घटनाकारांनी माणसाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नाही. एका संस्थेच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्या संस्थेच्या महत्त्वाकांक्षेने अडवायचे, अशी रचना केली. दाखला म्हणून ७ ऑगस्ट १९७४ ची गोष्ट हमखास असायची. त्या दिवशी बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे रिपब्लिकन पक्षाचेच तीन नेते वॉटरगेट प्रकरणात अडकलेले राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटायला गेले आणि काँग्रेसमध्ये तुमच्या पाठीशी फारसे कोणी उरलेले नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितले. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. वर्ग शांत व्हायचा. मला वाटायचे, रचना काम करते याचा हा पुरावा. आज वाटते, ती तीन माणसे हे सांगायला जाऊ शकली, कारण तसे करूनही आपापल्या मतदारांपुढे उभे राहणे तेव्हा शक्य होते. ती शक्यता कशातून येते, हे मी कधी शिकवलेच नाही. ती बऱ्याच अंशी मतदारसंघाच्या सीमारेषांतून येते, आणि त्या रेषा इथे पक्षच आखतात.

नोव्हेंबरात लेक-जावयाबरोबर ग्रीन्सबरोला गेले. कॅरीहून मोटारीने सव्वा तासाच्या आसपास. साउथ एल्म स्ट्रीटवर जुन्या वूलवर्थ दुकानाची इमारत आहे. १ फेब्रुवारी १९६० रोजी तिथे गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. आज तिथे संग्रहालय आहे, तो काउंटर तसाच ठेवला आहे. मी बराच वेळ उभी राहिले. महाडच्या तळ्याची आठवण न येणारा मराठी माणूस तिथे असेल असे मला वाटत नाही. ते चौघे ज्या विद्यापीठाचे, ते नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी तिथून जवळच आहे. तिथे मला एक साधा रस्ता मुद्दाम पाहायचा होता, लॉरेल स्ट्रीट. २०१६ च्या नकाशात दोन मतदारसंघांची सीमा या रस्त्यावरून नेली होती. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या देशातल्या सर्वांत मोठ्या विद्यापीठाचे आवार मधोमध दुभागले गेले. २०१६ आणि २०१८ च्या निवडणुकांत रस्त्याच्या या बाजूच्या वसतिगृहातली मुले सहाव्या मतदारसंघात होती, त्या बाजूची तेराव्या. हजारो मुलांची मते दोन्हीकडच्या ग्रामीण मतांत विरघळली आणि दोन्ही जागा दोन्ही वेळा रिपब्लिकन पक्षाला गेल्या. रस्त्यावर कुठेही रेघ दिसत नाही. मुले पाठीला दप्तरे लावून इकडून तिकडे जात होती.

हे गणित वाचकांना कळावे म्हणून फळ्यावरचे उदाहरण देते. जुळे सोलापुरातल्या एखाद्या वसाहतीत ५० घरे आहेत असे धरा. ३० घरे निळ्या पक्षाची, २० तांबड्या. दहा-दहा घरांचे पाच वॉर्ड करायचे आहेत. पेन्सील तांबड्यांच्या हातात आहे. ते दोन वॉर्डांत निळ्यांची १८ घरे कोंबतात. उरलेली १२ घरे तीन वॉर्डांत चार-चार अशी फोडतात. त्या तिन्ही वॉर्डांत तांबड्यांची सहा-सहा घरे येतात. एकही मत खोटे पडले नाही, एकही पेटी पळवली नाही, आणि २० घरांनी पाचांपैकी तीन जागा जिंकल्या. कोंबणे आणि फोडणे, एवढेच ते शास्त्र. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात काढलेला एक मतदारसंघ सॅलमँडर या प्राण्यासारखा दिसला, त्यावरून अशा आखणीला जेरिमँडरिंग हे नाव पडले.

हे पाप एकाच पक्षाचे नाही. १९९२ मध्ये याच राज्यात, डेमोक्रॅट सत्तेत असताना, बारावा मतदारसंघ महामार्गाच्या कडेने सापासारखा लांबच लांब काढला गेला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. इलिनॉय आणि मेरीलँडचे डेमोक्रॅटिक नकाशेही पाहवत नाहीत. पण मी राहते ते राज्य नॉर्थ कॅरोलायना, म्हणून तिथलेच सांगते.

२०१६ च्या नकाशाच्या वेळी तो आखणाऱ्या समितीचे सहअध्यक्ष डेव्हिड लुईस यांनी विधिमंडळात उघडपणे सांगितले होते की, दहा रिपब्लिकन आणि तीन डेमोक्रॅट असा नकाशा करू, कारण अकरा-दोन असा नकाशा काढणे शक्य आहे असे मला वाटत नाही. या नकाशाचा खटला २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, पक्षीय फायद्यासाठी काढलेल्या नकाशांचा निवाडा करणे हे संघराज्याच्या न्यायालयांचे काम नाही. मग लोक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते न्यायालय म्हणाले, असा नकाशा राज्याच्या घटनेविरुद्ध आहे. त्या वर्षी न्यायालयाने ठरवलेल्या नकाशावर निवडणूक झाली आणि १४ जागा सात-सात अशा विभागल्या गेल्या. पण इथे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही पक्षाच्या नावावर निवडून येतात. त्याच नोव्हेंबरात न्यायालयाचे बहुमत बदलले आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. घटनेतला एक शब्दही बदलला नव्हता. नवा नकाशा झाला, २०२४ मध्ये दहा-चार निकाल लागला. त्याच दिवशी त्याच मतदारांनी ट्रम्प यांना जेमतेम तीन टक्क्यांच्या फरकाने पुढे ठेवले होते आणि गव्हर्नरपदी डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना निवडून दिले होते.

आता सहाव्या मतदारसंघाकडे या, कारण माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर तिथे आहे. २०२३ च्या नकाशात ग्रीन्सबरोचा गिलफर्ड जिल्हा तीन मतदारसंघांत वाटला गेला. सहाव्यात तोवर डेमोक्रॅटिक खासदार होत्या, त्यांनी पुन्हा उभे राहायचेच नाही असे ठरवले. २०२४ मध्ये त्या जागेवर डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवारच नव्हता. खरी निवडणूक मार्चमध्ये, रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात झाली. पुष्कळ उमेदवारांत ट्रम्प यांचा पाठिंबा मिळालेला पहिला आला, त्याला त्या प्रायमरीतली सुमारे २६ टक्के मते होती. दुसऱ्याने माघार घेतली आणि विषय संपला. सुमारे साडेसात लाख लोकांचा प्रतिनिधी असा ठरला. नोव्हेंबरातले मतदान हा उपचार होता.

अशा माणसाने शुल्काविरुद्ध ठराव आणावा, ही अपेक्षा कोण करील? त्याला विरोधी पक्षाची भीती नाही, आपल्या जिल्ह्यातल्या कारखानदाराची नाही, ग्राहकाची नाही. त्याला भीती एकच : पुढच्या प्रायमरीत राष्ट्राध्यक्ष आपल्याविरुद्ध कोणाला उभे करतील. आणि ती भीती पोकळ नाही. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा म्हणून ज्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींनी मत दिले, त्यांच्यापैकी चौघे पुढच्या वर्षी प्रायमरीत हरले, चौघांनी निवडणूकच लढवली नाही. दोघे टिकले.

सगळा दोष नकाशाला देणे मात्र खोटे ठरेल. त्या हरलेल्या चौघांतल्या लिझ चेनी यांच्या वायोमिंगला एकच जागा आहे, तिथे सीमा आखण्याचा प्रश्नच येत नाही. सिनेटलाही मतदारसंघांचे नकाशे नसतात. तरीही आमच्या इथले रिपब्लिकन सिनेटर थॉम टिलिस यांनी जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांचे मोठे अर्थविषयक विधेयक चर्चेला घेण्याविरुद्ध मत दिले, कारण त्याने गरिबांच्या आरोग्यविम्याला कात्री लागणार होती. ट्रम्प यांनी प्रायमरीची धमकी दिली आणि दुसऱ्या दिवशी टिलिस यांनी आपण पुन्हा लढणार नाही असे जाहीर केले. शिवाय शहरे डेमोक्रॅटिक आणि खेडी रिपब्लिकन अशी माणसांनी आपणहूनच वस्ती केली आहे. प्रायमरीची पद्धत, वस्तीची विभागणी आणि नकाशा हे तीन धागे एकत्र वळले गेले आहेत. पण पहिले दोन बदलणे अवघड, तिसरा मात्र दर दहा वर्षांनी माणसाच्या हाताने आखला जातो. म्हणून मी त्याच्यावर बोट ठेवते.

दर दहा वर्षांनी, असे मी लिहिले खरे. तोही संकेत आता राहिला नाही. ऑगस्टमध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता मध्येच नवा नकाशा केला, पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाने ४ नोव्हेंबरला सार्वमत घेतले आणि मतदारांनी मोठ्या बहुमताने तिथल्या स्वतंत्र नागरिक आयोगाचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला. याच मतदारांनी २०१० मध्ये काँग्रेसच्या नकाशांची पेन्सील राजकारण्यांकडून काढून त्या आयोगाच्या हाती दिली होती. त्यांची अगतिकता मला समजते, तरी तो निकाल वाचताना मला वाईट वाटले.

आणि मग आमचे राज्य. २२ ऑक्टोबरला, दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी लेकीच्या घरी ओवाळणी झाली आणि मी राज्याच्या राजधानीत, रॉलीला, विधिमंडळाच्या प्रेक्षकसज्जात जाऊन बसले. त्या दिवशी दहा-चारचे अकरा-तीन करणारा नकाशा मंजूर झाला. उद्देश लपवलेला नव्हता. आणखी एक रिपब्लिकन जागा मिळवणे हाच या नकाशाचा हेतू आहे, असे तो मांडणाऱ्यांनी स्पष्ट सांगितले होते. ईशान्येकडचा पहिला मतदारसंघ १९९२ पासून कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून देत आला आहे. त्यातले काही जिल्हे काढून शेजारच्या तिसऱ्यात टाकले आणि तिसऱ्यातले किनाऱ्यावरचे जिल्हे याच्यात आणले. गव्हर्नर विरोधी पक्षाचे आहेत, पण इथल्या घटनेप्रमाणे अशा नकाशावर त्यांना नकाराधिकारच नाही.

माझ्या शेजारी विल्सन जिल्ह्यातून आलेल्या एक कृष्णवर्णीय आजी बसल्या होत्या, वय माझ्याहून जास्त. विल्सन हा पहिल्यातून काढलेल्या जिल्ह्यांपैकी एक. मी कुठून आले ते त्यांनी विचारले, मी सांगितले. त्या म्हणाल्या, "माझ्या आईला मत द्यायला मिळालं तेव्हा मी शाळा संपवत आले होते." १९६५ चा मतदान हक्क कायदा. मतदान संपल्यावर त्यांनी पर्समधून एक वही काढली आणि कोणी कुठे मत दिले ते लिहून घेतले. मी विचारले, आता काय करणार? म्हणाल्या, माझ्या नव्या मतदारसंघात कोण उभं राहतंय ते बघणार आणि त्याच्या घरोघरच्या प्रचाराला जाणार. नोव्हेंबरअखेर संघराज्याच्या तीन न्यायमूर्तींनीही हा नकाशा वापरायला परवानगी दिली. मला त्या आजींची वही आठवली.

अमेरिकेतली लोकशाही संपली, असे आपल्याकडे काही जण लिहितात. इथे राहून मला तसे म्हणवत नाही. २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची एक जागा डेमोक्रॅट ॲलिसन रिग्ज यांनी ७३४ मतांनी जिंकली. पडलेल्या रिपब्लिकन उमेदवाराने ६५ हजारांहून अधिक मतांवर आक्षेप घेतला, सहा महिने खटला चालला. मे २०२५ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी ती मते मोजलीच पाहिजेत असा निकाल दिला, आणि ते न्यायाधीश ट्रम्प यांनीच नेमलेले होते. याच महिन्यात, ११ डिसेंबरला, इंडियाना राज्याच्या सिनेटने व्हाइट हाउसने मागितलेला नवा नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला. तिथे रिपब्लिकनांचे ४० सदस्य आहेत, त्यातल्या २१ जणांनी विरोधात मत दिले. महिनोन् महिने दबाव होता, धमक्या आल्या होत्या. ती बातमी मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवली आणि गोल्डवॉटर-निक्सनची गोष्ट तिला पुन्हा सांगितली. ती म्हणाली, आई, इंडियाना पण शिकव आता. शिकवीन.

आपल्याकडे लोकसभेचे मतदारसंघ परिसीमन आयोग ठरवतो. २००२ च्या कायद्याने त्याच्या अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती असतात, सोबत निवडणूक आयुक्त. खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलू शकतात, पण त्यांना मत नसते. मत नसणे या दोन शब्दांची किंमत मला पाडव्याच्या दिवशी त्या सज्जात बसून कळली. पण महापालिका आणि नगरपालिकांचे काय? महाराष्ट्रात प्रभागरचना राज्य निवडणूक आयोग करत असे. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून तो अधिकार राज्य सरकारकडे घेतला. तेव्हा आणि आताही वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली ती बहुतेक निवडणुका लांबल्या म्हणून. पेन्सील कोणाच्या हातात गेली, यावर मला फार थोडे वाचायला मिळाले. लोकसभेच्या जागांची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. ती जनगणना आता २०२७ मध्ये आहे. म्हणजे तो प्रश्नही दारात आला आहे.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. आमच्या गावांची प्रभागरचना हरकती-सूचनांसाठी जाहीर होते, तेव्हा तिचा नकाशा जुन्या नकाशाशेजारी ठेवून ठळक छापावा. कार्यालयाच्या फलकावर लावलेला कागद कोणी पाहत नाही.

दुसरी अमेरिकेविषयी. राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले ते आपण रोज छापता, ते छापावेच. पण ३ नोव्हेंबर २०२६ ला प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांची निवडणूक आहे. निकालाच्या दिवशी कोणाला किती जागा मिळाल्या या आकड्याखाली, त्यांतल्या किती जागांवर मुळात लढत झाली, तो आकडाही द्यावा. माझा विद्यार्थी आपला अंक घेतो. मी त्याला त्या दिवसाचा अंक जपून ठेवायला सांगितले आहे.

आपली,
एक निवृत्त राज्यशास्त्र प्राध्यापिका, सोलापूर
(सध्या मुक्काम कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)